अमरावती दर्शन

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण हे घडलंय. गेल्या माघात, दिवसाढवळ्या, अमरावतीत. अकोटजवळच्या खेड्यात फुलांचे मळे करणाऱ्या भगवंतरावांच्या बाबतीत.

ते खोटं बोलत नाहीत. तेवढी कल्पनाशक्तीच नाही त्यांना.

काशी, प्रयाग, गया अशी लांबलचक बसयात्रा संपत आली होती. यात्रावाल्या देवानंदने पत्रकात शेवटच्या दिवशी ‘अमरावती दर्शन’ असं ठळक छापलं होतं. खरं कारण, त्याची सासुरवाडी अमरावतीत होती.

“अकोटच्या मानसाले अमरावती काय दाखवतं बाप्पा?” दुर्गाबाई म्हणाल्या. त्या भगवंतरावांच्या घराशेजारच्या. “आमाले काय अमेरिकेतून आनलं का?”



भगवंतरावांच्या बायकोने, शकुनने, अमरावती पाहिली होती, ती फक्त दवाखान्याची. बसस्टँडवरून दवाखाना, दवाखान्यातून बसस्टँड. एकदा ऑटोतून वडाळी तलावाची पाटी दिसली, तेव्हा म्हणाली होती, “तिथं बोटीत बसवतात म्हन्ते.”

“बरी झाली का मंग जाऊ,” भगवंतराव म्हणाले होते.

ती बरी झाली नाही.

ही यात्रा तिच्याचसाठी. निघताना भगवंतरावांनी उंबऱ्यावर उभं राहून रीतीप्रमाणे हाक मारली होती, “शकुन, चाल व, गयेले जाऊ.” गेलेल्या माणसाला असं बोलावून सोबत न्यायचं, गयेत पिंड द्यायचा आणि तिथंच सोडून यायचं. परतताना हाक मारायची नाही. मारली, तर ते माणूस अडकतं. ना इकडचं, ना तिकडचं. गुरुजींनी बजावून सांगितलं होतं.

पिंड दिला. भगवंतराव गुडघ्यावर हात टेकून उठले... आणि संसारभराच्या सवयीने बोलून गेले,

“चाल व, झालं.”

मागे दुर्गाबाई होत्या. “भाऊ, कोनाले म्हनून राहिले?”

“कोनाले नाही.”

त्यावर दुर्गाबाई गप्प बसल्या. दुर्गाबाईंचं गप्प बसणं, हीच पहिली अभद्र खूण.

अमरावतीत सगळे अंबादेवीच्या दर्शनाला गेले. भगवंतराव एकटेच निघाले. राजकमल चौकात ही गर्दी, हॉर्न, फुगेवाले...

आणि मागून...

खर्र... खर्र...

शेवटी शेवटी शकुनचा डावा पाय उचलत नसे. चप्पल घासत चालायची.

त्यांनी वळून पाहिलं. कॉलेजची पोरं, एक पोलीस, एक गाय. कोणाचीच चप्पल घासत नव्हती.

ते चालले... खर्र.

ते थांबले... आवाज थांबला.

भीती त्यांना नंतर वाटली. आधी त्यांनी आपली चाल हळू केली.

मग दुपारभर त्यांनी शहर दाखवलं. ओठातल्या ओठात. “हे साड्याचं दुकान. चार मजले हायेत. वरतं जाच्यासाठी सरकता जिना हाय म्हन्ते... राहू दे, तुह्या पायानं नाही जमनार.” येणारे-जाणारे बघत होते. शहरात एकटं बोलणारा माणूस म्हणजे कानात मोबाईलचं यंत्र, अशी लोकांची समजूत. ती कामाला आली.

नंतर ऑटो केला. ऑटोत ते कडेला सरकून बसले.

वडाळी तलावावर पायडलची बोट होती. बोटवाला म्हणाला, “काका, एकट्यानं मंधात बसा. नाही तं कलते.”

भगवंतराव डाव्या बाजूला बसले.

बोट कलली नाही...

पाण्यावर सरळ चालली. आणि उजवीकडे, रिकाम्या बाजूला, पाण्यात एक बारीक रेघ उमटत होती... कोणी बोटं बुडवून ठेवावीत तशी.

तेव्हा त्यांना भीती वाटली. आणि रडूही आलं. कोणतं आधी, ते त्यांना सांगता येत नाही.

ऊन कललं. देवानंदचा फोन आला. “काका, कुठं हाये तुमी? गाडी सुटून राहिली.”

बोट काठाला लागली. भगवंतराव उतरले. बोट हलली.

मग ती पुन्हा हलली... अगदी हलकेच.

त्यांच्या तोंडात ‘चाल व’ तयार होतं. आता बोलले, तर ती घरी येईल. रोज येईल. गयेतला पिंड वाया जाईल.

त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक दातात घट्ट धरलं आणि ऑटोच्या दिशेने चालू लागले.

खर्र... खर्र...

थोडं अंतर आवाज आला.

मग थांबला.

आयुष्यात ती कधी न बोलावता कुठं निघाली नव्हती.

त्यांनी वळून पाहिलं नाही. ऑटो सुटला.

गावात वेशीवर आरत्या झाल्या, गंगेची पूजा झाली, जेवणावळ बसली. दुर्गाबाईंना त्यांनी सगळं सांगितलं.

“बरं केलं भाऊ,” त्या म्हणाल्या. “सुटली थे.”

“सुटली म्हन्ता. मंग मले काहून वाटते का थे तिथंच उभी असंन? अंधार पडला असंन. तिले तिथला एक दवाखाना सोडून काहीच माहीत नाही.”

यावर दुर्गाबाईंनी त्यांच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. दुसरं काय करणार.

तेव्हापासून भगवंतराव मधूनच अमरावतीला जातात. फुलांचा भाव पाहायला, असं सुनेला सांगतात. तलावाकडे पाठ करून संध्याकाळपर्यंत उभे राहतात, कान देऊन.

अजून काही ऐकू आलेलं नाही.

आलं तर काय करायचं, हे त्यांनी ठरवलेलं नाही.