फणसाखालची गुणगुण

दापोलीजवळच्या त्या घरामागे फणस आणि जाम अशी दोन मोठी झाडं होती. त्यांच्याखाली भर दुपारीसुद्धा ऊन जमिनीला टेकत नसे. माती कायम ओलसर, कडेने आईने हौसेने लावलेले नेचे आणि त्यामागे बाबांनी स्वतःच्या हातांनी उभारलेलं बांबूचं कुंपण. घराच्या छपरावर वीज बनत होती, औषधं घेऊन ड्रोन दारात उतरत होते, पण मागच्या दारच्या डासांपुढे मात्र सगळ्यांनी हात टेकले होते.

तन्मयीला एक कोडं सुटत नव्हतं. डास पाण्यात जन्मतात, हे तिला शाळेत शिकवलं होतं. म्हणून तिने कुंड्यांखालच्या ताटल्या पालथ्या घातल्या, करवंट्या उचलल्या, जुना टायर हलवला. साचलेलं पाणी आता कुठेही दिसत नव्हतं. तरीही झाडाखाली उभं राहिलं की पायांवर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे डास तुटून पडत.

तिचा धाकटा भाऊ ईशान नुकताच डेंगीतून उठला होता. दवाखान्यातून घरी आला तेव्हा त्याला जिनाही चढवत नव्हता. त्याच दिवशी बाबांनी ठरवलं की दोन्ही झाडं काढायची आणि सगळीकडे फरशी घालायची. सावली गेली की डासही जातील, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या रविवारी झाडं कापणारं यंत्र येणार होतं. आई नेच्यांच्या कुंड्या एका बाजूला करू लागली.

ते बघून तन्मयीने उल्कामावशीला फोन लावला. मावशी कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचा अभ्यास करणारी) होती. संध्याकाळी ती आली, ती पिशवीत एक छोटा यंत्रमानव घेऊनच. खेकड्याएवढा, सहा पायांचा. त्याचं नाव होतं कानोसा. डासांच्या पंखांचा आवाज ऐकून तो डास कोणत्या जातीचा, नर की मादी, हे ओळखायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानोसा परसात फिरला आणि नेच्यांपाशी थांबला.

"इथे मादी डास सर्वात जास्त आहेत," तो म्हणाला.

तन्मयीने नेचे पानन्‌पान उलटून पाहिले. पाण्याचा थेंब नाही. ती हिरमुसली. तेव्हा मावशीने तिला शेजारी बसवून समजावलं. चावते ती मादीच, कारण अंडी तयार करायला तिला रक्त लागतं. नर फुलांचा रस पिऊन राहतो. एरवी डास गार, अंधाऱ्या जागी विसावतात, म्हणून नेच्यांत सापडले. सावली तोडली तर ते घरात येऊन पलंगाखाली विसावतील. त्यांची अंडी मात्र पाण्याच्या कडेला चिकटलेली असतात. पाणी चढलं की त्यातून अळी निघते, अळीचा कोष होतो (या अवस्थेत ती काही खात नाही आणि आतल्या आत तिचा डास घडतो). आठ-दहा दिवसांत कोष फुटून डास उडतो.

विसाव्याची जागा आणि जन्माची जागा वेगळी, हे तन्मयीला पटलं. मग कानोशाला भलतंच विचारलं गेलं होतं की.

"मावशी, नर कुठे राहतात?"

मावशीचे डोळे चमकले. नर आधी जन्मतात, ती म्हणाली, आणि सहसा जन्मल्या जागेपासून फार लांब जात नाहीत.

"मग नरच ऐकायला सांगू," तन्मयी म्हणाली.

नराच्या पंखांचा सूर मादीपेक्षा वरचा असतो. तो सूर धरत कानोसा नेच्यांना वळसा घालून गेला आणि थेट कुंपणावर चढला. तन्मयीने स्टूल आणलं, टॉर्च पेटवला. बांबूचं प्रत्येक कापलेलं टोक वरून उघडं होतं, पेल्यासारखं. आत पावसाचं पाणी, कुजलेली पानं आणि वळवळणाऱ्या अळ्या.

हे बाबांना सांगायचं तिच्या जिवावर आलं. कुंपण त्यांचं लाडकं होतं. पण तिने त्यांना स्टुलावर चढवलं. त्यांनी आत पाहिलं, खाली उतरले आणि वाळू आणायला गेले.

मग तिघांनी मिळून टोकं आतून खरवडली, कारण चिकटलेली अंडी सुकली तरी कित्येक महिने जगतात. प्रत्येक बांबूत काठोकाठ वाळू भरली. मावशीने एका काळ्या बादलीत पालापाचोळ्याचं पाणी केलं आणि त्यात एक भुकटी टाकली. तिच्यातले जीवाणू (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) डासांच्या अळ्यांना मारतात, पक्ष्यांना किंवा माणसांना त्यांचा त्रास होत नाही. बांबू बंद झाल्यावर माद्या अंडी घालायला याच बादलीत येतील आणि त्यांची पिल्लं तिथेच संपतील.

दुसऱ्या दिवशी डास होते तेवढेच होते. तिसऱ्या दिवशीही. बाबा म्हणाले, "केलंस तेवढं पुष्कळ झालं, बाळा. यंत्र येऊ दे."

तन्मयीला रडू येत होतं, पण ती हटली नाही. तिने बाबांना सांगितलं की आधीच उडालेल्या माद्या दोन-तीन आठवडे जगणारच. नर मात्र जेमतेम आठवडाभर जगतात. नवे जन्मत नसतील तर आधी नरांची गुणगुण थांबेल. रविवारी कानोशाला ऐकू द्या, एवढंच तिचं मागणं होतं. तोवर सगळ्यांनी लांब बाह्यांचे कपडे घातले, ईशान दिवसाही मच्छरदाणीत झोपला.

रविवारी सकाळी यंत्र फाटकाशी येऊन थांबलं. बाबा कुंपणाजवळ उभे राहिले. कानोसा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला.

"नर जवळजवळ उरलेच नाहीत," तो म्हणाला. "माद्या अजून आहेत."

बाबांनी तन्मयीकडे पाहिलं. मग ते फाटकाशी गेले. यंत्रवाल्याकडून त्यांनी फक्त खालच्या फांद्या विरळ करून घेतल्या, म्हणजे थोडं ऊन आत येईल आणि माती सुकेल.

पुढच्या दोन आठवड्यांत माद्याही ओसरल्या. बादलीतलं पाणी आणि भुकटी बदलायचं काम तन्मयीने स्वतःकडे घेतलं. एका संध्याकाळी ईशान फणसाला टेकून चित्र काढत बसला आणि कुणी त्याला आत हाकललं नाही.

तरी एखादा डास दिसायचाच. कानोशाने त्याचा माग काढला तो कुंपणापलीकडे गेला. शेजारच्या खोतकाकांच्या परसातही तसेच बांबू होते.

"काका चिडले तर?" तन्मयीने विचारलं.

बाबांनी चपला घातल्या. "मी बोलतो," ते म्हणाले.

खोतकाकांनी दार उघडलं तेव्हा बाबांनी तन्मयीला पुढे केलं. "आमच्या मुलीला तुमचं कुंपण बघायचंय," ते म्हणाले. "तिला यातलं कळतं."