एक लांब, दोन छोटे

अंधार हाय, लाईन येवोस्तोवर बसा इथंच गच्चीवर. बळ्या, तू मधात बस. म्हंजे कोनी ओढून नेलं तं आमाले लवकर कळंन. रुक्मे, हसू नको, जिना तुले बी उतराचा हाय.

तुमी रोज मले विचारता ना, ‘दादा, खालच्या खोलीतला तो मॉनिटर भिंतीकडं तोंड करून कावून ठेवला?’ सांगतो. पन मधात टोकाचं नाही.

बाबुलाल नावाचा एक पोरगा होता. भिलाईले, सेक्टर दोनमध्ये, आमच्याच लाईनीत. तुमी पद्मनाभपुरचे, तुमाले नाही माहीत. अकरावीत दोनदा फेल...

“दादा, तू बी दोनदाच ना?”

रुक्मे, सेक्टर दोनमध्ये फेल व्हाची फॅशन होती. ऐक.

तं फेल होता, पन हातात स्क्रू-ड्रायवर दिला का डॉक्टर. नेहरू नगरच्या कंप्युटर क्लासात बाकीचे पोरं शिकाले जात, हा झाडू माराले जाऊन शिकला. अन् खोड्या म्हनाल तं इचारू नका. मास्तरच्या माऊसच्या पोटातली गोळी काढून घे. मास्तर अर्धा घंटा टेबलावर माऊस घासे अन् बाण जागचा हालत नसे. गोळी याच्या खिशात.

असाच एक दिवस आलूगुंड्याच्या ठेल्यावर त्याचा दोस्त अरुणकुमार त्याले म्हने, “बाबू, मशीन सुधारनं काही मोठी बात नाही. बिगाडून दाखव. अशी बिगाडून दाखव का घरच्याइले भूत वाटलं पाहिजे. विजूच्या घरी. है दम?”

विजू म्हंजे विजयकुमार. कृष्णराव काका स्टील प्लांटमध्ये क्लार्क, त्यांचा एकुलता एक. तो बी प्लांटमध्येच ट्रेनी लागला होता. अठ्ठ्यान्नवच्या जूनमध्ये सेकंड शिफ्ट संपवून रात्री स्कूटरनं घरी येत होता. जी.ई. रोडवर एक ट्रक बिना लाईटचा उभा होता...

घरी पोहोचलाच नाही.

असं घर. अन् बाबुलाल काय म्हने? “हाव. त्यात काय.” तोंडात बटाट्याचा गरम आलूगुंडा होता, तसाच म्हने.

झालं असं का काकूनंच त्याले बोलावलं होतं. सिंधुताई काकू, विजूची आई. विजूचा कंप्युटर जूनपासून उशीच्या खोळीखाली झाकून होता. कोनीतरी सांगितलं का त्याच्यात विजूचा फोटो हाय, स्कूटरसोबतचा. “मले तेवढा पाहाचा हाय बेटा. चालू करून दे.” बस, एवढंच काम.

दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी गेला. काकू चहा ठेवाले आत गेली तशी यानं मशीन लावून पाह्यली, पहिली अक्षरं एकदम फस्सक्लास आली. फोटो याच्या आधीच यानं मशीन बंद करून झाकन उघडलं.

आता समजून घ्या, नाही तं मंग विचारान. मॉनिटर म्हंजे नुसता काच. चित्र तिथं नाही बनत. चित्र बनते डब्ब्याच्या आत एका हिरव्या पट्टीवर, तिले डिस्प्ले कार्ड म्हनते. ते खाचेत रोवलेलं असते अन् एका स्क्रूनं कसलेलं असते. बाबुलालनं तो स्क्रू काढून खिशात टाकला. कार्ड एका टोकानं उचललं. किती? तांदळाच्या दान्याएवढं. बस. आता मशीन चालू होईन, पंखा फिरंन, हिरवा लाईट लागंन, पन काच काळा तो काळाच. बाहेरून पाहानारा वायर बदलंन, मॉनिटर बदलंन, डोकं फोडून घेईन. दोन दिवसानं आपन जाऊ, बोटानं दाबू अन् हिरो होऊ, असा त्याचा हिसाब.

अन् भूत? भूत मशीनच देते. आतमध्ये एक छोटासा भोंगा असते. मशीनले दाखवता नाही आलं का ते ओरडून सांगते. प्रत्येक दुखन्याची हाक अलग. कार्ड ढिलं असलं का एक लांब, दोन छोटे. हे बाबुलालले माहीत होतं.

दुसरं एक माहीत नव्हतं.

काकू चहा घेऊन दारात आली. यानं भोळं तोंड करून बटन दाबलं.

टीईईईईं... टीं. टीं.

कप खाली पडला. फुटला बी नाही, नुसता गोल गोल फिरत राह्यला. काकू हळूच म्हने, “विजू.” अन् चप्पल न घालता गेटाकडं पळाली.

बाबुलालले काही समजेना. कृष्णराव काका भिंतीले धरून उभे होते. तेच म्हने, “सडकेच्या मोडावर, त्या वळनावर आला का असाच हॉर्न देत होता तो. रोज. एक लांब, दोन छोटे. म्हंजे हिनं गेट उघडाचं अन् तवा ठेवाचा.”

तेव्हाच कार्ड दाबलं असतं तं गोष्ट संपली होती. पन बाबुलालनं स्क्रू-ड्रायवर उचलला. “उद्या येतो काका” म्हनून सटकला. अन् ठेल्यावर जाऊन शर्त जिंकल्याचं सांगितलं बी. अरुणकुमारनं पाठ थोपटली. यानं आलूगुंडा तसाच ठेल्यावर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी गेला तं काकू म्हने, “सुधारू नको. मले फक्त सांग, बटन कोनतं दाबाचं.”

यानं दाखवलं.

मंग रोजचंच झालं ते. सव्वा दहा वाजता, विजूच्या याच्या टायमाले, काकू बटन दाबे. टीईईईईं, टीं, टीं. “आली रे,” म्हने. जाऊन गेट उघडे. तवा ठेवे, दोन पोळ्या टाके, ताट वाढे अन् काळ्या काचेसमोर बसून राहे. सकाळी ते पोळ्या गाईले.

“मंग त्यानं नीट कावून नाही केलं?”

रुक्मे, तुले काय वाटते, त्याले वाटत नव्हतं? नीट केलं तं हॉर्न बंद. म्हंजे काकूचा पोरगा दुसऱ्यांदा गेला, अन् या खेपेले बाबुलालनं नेला. नीट नाही केलं तं बाई काळ्या काचेले जेवू घालून राहिली. आता तू सांग.

 त्यानं रोज उद्यावर ढकललं.

वरून काकांचं रिटायरमेंट. एकतीस ऑक्टोबर. क्वाटर खाली कराचं होतं, गोंदियाकडं त्यांचं गाव, तिथं जाचं होतं. काकू म्हने, मी नाही येत. “विजू इथं येते. तिथं मी कोनासाठी गेट उघडू?” एक दिवस काकांनी बाबुलालले दूधवाल्याजवळ धरलं. म्हने, “बेटा, मी कागद लिहिनारा मानूस, मले मशीनचं समजत नाही. पन हे मशीनचंच होय ना? तू सांग ना तिले. माझं नाही ऐकत, तुझं ऐकंन.”

बाबुलाल चपलेचा अंगठा पाहात राह्यला. “पाहातो काका.”

मंग तो दिवस आला. सतरा ऑक्टोबर, शनिवार, धनतेरस. पूर्ण सडकेवर दिवे. एकेका क्वाटरच्या कठड्यावर लाईनीनं पनत्या. फक्त एका घरी अंधार, कावून का त्या घरी त्या साली दिवाळी नव्हती. दहाले दहा कमी होते. बाबुलालच्या खिशात तो स्क्रू. आज सांगाचंच, असं ठरवून निघाला होता. वाक्य बी पाठ केलं होतं, सडकभर तेच म्हनत आला. काकू, मीच केलं. काकू, मीच केलं.

दारात पाय ठेवला तं काकू कणिक मळून राहिली होती. म्हने, “आलास? बस. विजूसोबत जेवूनच जा.”

वाक्य घशातून परत पोटात गेलं.

“काकू,” तो म्हने, “मशीनवर धूळ बसली. झाडून देतो.”

झाकन उघडलं. कार्डावर अंगठा ठेवला. दाबलं. खट्ट. खिशातला स्क्रू काढून कसला. झाकन लावलं. दोन मिनिटं बी नाही लागले. सतरा दिवसाचं दुखनं, दोन मिनिटं.

सव्वा दहा झाले. काकूनं पदराले हात पुसले. बटन दाबलं.

टीं.

एक. छोटा. चांगली मशीन एवढंच बोलते.

काचावर उजेड आला. अक्षरं पळाली. मंग फोटो उघडला. विजूनं तोच लावून ठेवला होता, समोरच. स्कूटरवर बसलेला, याच गेटासमोर, ऊन तोंडावर म्हनून डोळे बारीक केलेले. कृष्णराव काका दाराले टेकले अन् रडले. चार महिन्यात पहिल्यांदा.

काकूनं फोटोकडं पाह्यलंच नाही. काकू ऐकत होती.

“हॉर्न?” काकू म्हने.

काकूनं डब्ब्याले कान लावला.

“हॉर्न कावून नाही दिला त्यानं?”

“काकू... दुरुस्त झाली आता. आता नाही वाजनार.”

“मी काय केलं रे? माझ्यावर रुसला का तो?”

तोच टाईम होता, बळ्या. त्याच्याहून चांगला टाईम कोनाले जन्मात भेटत नाही. काका ओल्या डोळ्यानं बाबुलालकडंच पाहून राहिले होते. सांग म्हनून. बाबुलालनं तोंड उघडलं. अन् त्याच्या तोंडातून निघालं, “लूज कनेक्शन होतं काकू. आपोआप होते कधीकधी.”

आपोआप.

काकू उठली. तव्याखालचा गॅस बंद केला. “ते बी बंद कर,” म्हने.

 बाबुलालनं धड बटनं नाही दाबले, सरळ बोर्डातून दोन्ही पिना ओढून काढल्या. वायर हातात. फोटो गेला.

आता पाहा. मॉनिटर बंद केला का चित्र आकसते. मधात एक पांढरा ठिपका राहाते. एक सेकंद, दोन सेकंद. मंग जाते. तुमच्या टीव्हीत बी दिसते.

तसा ठिपका राह्यला.

एक... दोन...

गेला नाही.

तीन... चार...

घरात अंधार. काळ्या काचात, लय दूर, एक पांढरा लाईट. जसा लांब सडकेच्या टोकाले दिसते.

बाबुलालनं हातातल्या पिनांकडं पाह्यलं. दोन्ही हातातच.

ठिपका मोठा झाला. हळू. जवळ येऊन राह्यल्यासारखा. चवन्नीएवढा झाला. थांबला.

वाट पाहू लागला.

कोनी उठलं नाही. गेट उघडाले... कोनीच नाही उठलं. काका नाही. काकू नाही. हॉर्नच नव्हता ना झाला.

मंग तो सरकला. डाव्या हाताले. हळूहळू. काचाच्या पार काठाले गेला.

काकूच्या गेटातून बाहेर पाह्यलं का सडकेचा मोड डाव्या हातालेच हाय.

तिथं थांबला.

“गेट,” काकू म्हने. “अहो... गेट लावलेलं हाय.”

अंधारात उठली, गुडघा स्टुलाले लागला, तशीच पळाली. कडी निघता निघत नव्हती. निघाली. सडकेवर फक्त पनत्या. मोडावर कोनी नाही. काकू परत आली तेव्हा काच काळा झाला होता.

“वापस गेला,” काकू म्हने. “मी गेट नाही उघडलं, म्हनून वापस गेला.”

त्या दिवसापासून काकूनं बटन नाही दाबलं. क्वाटरवरून भांडन बी नाही केलं. एकतीस तारखेले दोघं गाडीत बसले. स्टेशनवर सामान चढवाले बाबुलाल गेला होता. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हने, “मॉनिटर तू ठेव बेटा. तू लय मेहनत घेतली आमच्यासाठी.”

काकू खिडकीजवळ होती. सडकेकडं पाहून राहिली होती.

“मंग सांगितलं का त्यानं काकूले? नंतर?”

नाही, रुक्मे.

“चिठ्ठी?”

चार लिहिल्या. चारी फाडल्या. तिथं गावाले काकू अजून म्हनते म्हने, गेट नाही उघडलं म्हनून माझा पोरगा रुसला.

“झूठ,” बळ्या म्हनते. ठीक हाय. लाईन आली का चाल खाली, मॉनिटर फिरवून दाखवतो. डाव्या काठाले एक दाग हाय. भुरा, चवन्नीएवढा, गोल. घासून निघत नाही, कावून का तो बाहेरून नाही, काचाच्या आतून जळला. कार्ड बदलून पाह्यलं. वायर बदलली. दुसऱ्या मशीनले लावला. बाकी पूर्ण काचावर चित्र येते, तेवढ्या जागी येत नाही. दुकानातल्या उस्तादले विचारलं तं म्हने, एकाच जागी उजेड लय वेळ थांबला का ट्यूब अशी जळते.

मान्य. पन जळाले करंट लागते का नाही? करंट आला कुठून? दोन्ही पिना तं माझ्या हातात होत्या.

...

“कोनाच्या हातात, दादा?”

...

माझ्या, रुक्मे. स्क्रू बी मीच काढला होता.