पायाशी बसणारी

मी काही दुसऱ्याच्या घरात डोकावणारी बाई नव्हे. पण भिंत एकच असली की कान कुठे ठेवायचे, तुम्हीच सांगा. शेजारी बेकरीत काम करणारा पोरगा एकटा राहतो. थंडी पडली की दरवर्षी त्याचा चेहरा उतरतो, बोलणं आटतं. यंदा तर अंथरूणच सोडेना. परगावाहून त्याच्या बहिणीचा फोन आला. "काकू, डॉक्टर म्हणालेत, सकाळी उठवून उजेडात बसवा. असाच पडून राहिला तर हातचा जाईल हो."

म्हणून दुपारी गरम दुधाचा पेला घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. पडदे बंद. एरवी त्या घराला ताज्या पावाचा वास यायचा. आज ओल्या लोकरीचा, कोंदट. तो भिंतीकडे तोंड करून निजला होता.

"ऊठ बाळा. उन्हं कलायला आली."

"आता ऊठ म्हणताय?" तो हळूच म्हणाला. "पहाटे तर म्हणालात, राहू दे..."

"कोण, मी?"

"रोजच येता की. पायाशी बसता. म्हणता, उठून तरी काय करणार आहेस, बाळा..."

मी हसण्यावारी नेलं. "अरे, थंडीत माझे गुडघे मलाच उठू देत नाहीत, पहाटेची तुझ्याकडे कुठली येते?" बोलता बोलता खाटेवर टेकले. पोराचे पाय बर्फासारखे गार. आणि त्यांच्याजवळच गादी खोलगट दबलेली, कोमट. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी.

मी पडदे सरकवले, त्याला बसतं केलं, दूध पाजलं. बजावलं, "उद्या सकाळी मी येईन. जी ऊठ म्हणेल ती मी. दुसरीचं ऐकायचं नाही."

त्यानं रिकामा पेला माझ्या हातात दिला.

"पण काकू... ती जास्त मायेनं बोलते."

सकाळी गुडघ्यांना शिव्या घालत गेले. दाराला आतून कडी.

"बाळा, मी आले. ऊठ. कडी काढ."

आत खाट करकरली. वाटलं, उठला. मग कुणीतरी खाकरलं... सर्दीत मी खाकरते ना, अगदी तसं. आणि पाठोपाठ माझाच आवाज, दमानं, लाडानं...

"कोण आहे रे दाराशी?"

मी दोन्ही हातांनी दार बडवलं. त्याला हाका मारल्या, घसा बसेपर्यंत.

"कोणी नाही, काकू," तो आतून म्हणाला.