कुलूपबंद बंगलीतली दुपार

"अच्युत, तुझा गुडघा काढ आधी माझ्या पोटातून!"

"कुठे काढू? इथे काय मैदान आहे?"

"गप बसा ना दोघं! बिडीवाला पळून जाईल!" नऊ वर्षांची पमी दोघांवर खेकसली.

प्रभाकरमामांच्या बागेतल्या लाकडी बंगलीत, मोठ्या कुंड्यांच्या मागे, ही तीन भावंडं दडून बसली होती. थोरला अच्युत तेरा वर्षांचा, मधली शरयू अकराची आणि धाकटी प्रमोदिनी, म्हणजे पमी. तिघं मेच्या सुटीत वर्ध्याहून पुलगावला मामांकडे आली होती. बंगली म्हणजे संत्र्याच्या झाडांत उभी असलेली सागवानी फळ्यांची खोली. वर पत्रा, खिडकीला गज, आत अवजारं, कुंड्या आणि मामांचा लाडका बाक.

याच बंगलीतून गेल्या आठवड्यात धूर निघाला होता. बाकाखालचं गोणपाट जळालं आणि तळाची फळी काळीठिक्कर पडली. मामांनी विहिरीवर सगळ्या मजुरांसमोर माळी तानबाला फैलावर घेतलं.

"बंगलीत बिडी ओढतोस आणि वर खोटं बोलतोस?"

"मालक, चार सालं झाले, बिडीले हात नाई लावला मी!" तानबा परोपरीने सांगत होता.

मामांनी ऐकलं नाही. फळ्यांना तेलाचा दुसरा हात देऊन झाला की चालतं व्हायचं, असं त्यांनी बजावलं. तो हात आज सकाळीच देऊन झाला होता. सोळा वर्षं बागेतल्या झोपडीत राहिलेले तानबा आणि त्याची बायको सुमित्राबाई उद्या सकाळी निघणार होते. कुठे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून तर खरा बिडीवाला आजच सापडायला हवा होता!

दार करकरलं. आत आले खुद्द मामा!

त्यांच्या हातात तेलकट चिंध्यांचा भारा होता. "कुंपणावर चिंध्या लोंबवतो म्हणे! बाग आहे की धोब्याचा घाट?" ते पुटपुटत होते.

मामांना नीटनेटकेपणाचं भारी वेड. कचेरीतून ते यंदाच निवृत्त झाले होते आणि आता घरातल्या चपलासुद्धा रांगेत उभ्या राहत होत्या! पावसाळ्याआधी तानबा दरवर्षी फळ्यांना कढवलेलं जवसाचं तेल चोळायचा आणि चिंध्या कुंपणावर एकेक करून वाळत घालायचा. मामांनी त्यातल्या अर्ध्या चिंध्या गोणपाटात कोंबल्या, तोंड करकचून बांधलं आणि ते बाकाखाली सरकवलं. उरलेल्या काखोटीला मारून ते बाहेर पडले.

खट्ट! कडी लागली. मग कुलूप.

"मामा!" पमी ओरडणार तोच अच्युतने तिचं तोंड दाबलं. दुपारी बाहेर भटकायची तिघांना सक्त मनाई होती. मामांची पावलं दूर जाईपर्यंत तिघं गप्प राहिली, आणि तीच मोठी चूक झाली.

"आता?" शरयूने विचारलं.

"आता ओरडू!"

तिघांनी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. पण मे महिन्याच्या त्या रणरणत्या दुपारी अख्खी बाग झोपली होती. अच्युतने दाराला खांदे मारले, पण सागवान कुठलं हलायला! पत्रा तापला होता, खोलीत तेलाचा उग्र वास कोंदला होता. कोपऱ्यातल्या सुरईतलं घोटभर पाणी तिघांनी वाटून प्यायलं. एक तास गेला, दुसरा गेला. पमी शरयूला बिलगून बसली होती. शरयूलाही भीती वाटत होती, पण धाकट्या बहिणीसमोर ती दाखवणार कशी?

"वास वाढला का गं?" अच्युतने नाक वर केलं.

"जळका आहे!"

बाकाखालून धुराची बारीक रेघ वर चढत होती. अच्युतने गोणपाटाला हात लावला आणि किंचाळून मागे घेतला. "तापलंय! चुलीवर ठेवल्यासारखं तापलंय!"

"पण काडी कोणी ओढली? इथे आपणच आहोत!" शरयू म्हणाली आणि एकदम थांबली. "अच्युत! कोणीच नाही ओढली! या चिंध्या आपोआपच तापल्यात! गेल्या आठवड्यात तेलाचा पहिला हात दिला, तेव्हाही मामांनी चिंध्या इथेच कोंबल्या असणार!"

शोध लागला खरा, पण सांगायचा कुणाला? गोणपाटाच्या पोटात लालभडक डाग उमटला आणि भस्सकन ज्वाळ निघाली. चारी बाजूंना ताज्या तेलाने माखलेल्या फळ्या!

"माती! कुंड्या उलट्या करा!" अच्युत ओरडला.

मामांची गुलाबाची रोपं एकामागून एक आगीवर उताणी पडली. ज्वाळ दबली, धूर मात्र दुप्पट झाला. डोळे चुरचुरू लागले, खोकून खोकून जीव कासावीस झाला.

"पमे, खाली वाक! तानबाकाका फळ्या कशा तपासतात?" शरयूने विचारलं.

"ठोकून! वाळवीची फळी भदभद वाजते!" पमी जमिनीलगतच्या फळ्या ठोकत सरकू लागली. टण. टण. टण. भद! "ही! हीच!"

अच्युतने कुदळ उचलली. तिसऱ्या घावाला फळीचा भुगा झाला आणि कुत्रं जाईल एवढी फट पडली. पमी अंग खरचटवत त्यातून बाहेर निसटली आणि तानबाच्या झोपडीकडे धूम पळाली. मागे राहिलेली दोघं त्या फटीला तोंड लावून पालथी पडली. वेळ इतका लांबलेला त्यांनी आयुष्यात अनुभवला नव्हता.

"पोट्टेहो, बाजूले व्हा!" बाहेरून तानबाचा आवाज आला. लोखंडी सब्बलीच्या एका हिसक्यात कडी कुलपासकट निखळली. त्याने दोघांना ओढून सावलीत आणलं आणि धुमसत्या गोणपाटावर बादलीभर पाणी ओतलं, तोवर गलका ऐकून मामा धावत आले. मागून कौशल्यामामी.

"तानबा! पुन्हा आग? आणि कुलूप फोडलंस?"

"कुलूप कोणी लावलं होतं, मामा?" शरयूने खोकतच विचारलं.

"मी."

"आणि गोणपाट कोणी ठेवलं?"

"मीच. पण बिडी..."

"आत आम्ही तिघंच होतो! मग काय पमीने ओढली बिडी?"

तानबा हळूच म्हणाला, "माह्या बापानं सांगतलं होतं, तेलाच्या चिंध्या एक-एक वाळू घाल, दडपून ठेवू नको. खताचा ढीग आतून तापते, तशा त्या तापते. कुंपणावरून कोन नेल्या, ते मले काय मालूम!"

"मामा," अच्युत ताडकन उठला, "उरलेल्या चिंध्या कुठे आहेत?"

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. "गाद्यांच्या खोलीत!"

काय ती पळापळ! मामा, मामी, तानबा, मुलं, सगळी घराकडे धावली. कापसाच्या गाद्यांना टेकून दुसरं गोणपाट बसलं होतं. मामांनी त्यात हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. तानबाने ते उचलून अंगणात भिरकावलं. जमिनीवर आपटताच ते फुटलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पेटलं.

मामीने तिघांना जवळ ओढलं. "माझं घर वाचवलंत रे लेकरांनो!"

"तानबा, माझं चुकलं," मामा कसेबसे म्हणाले. "जाऊ नकोस."

तानबाने मान खाली घातली. पण आता दारात येऊन उभ्या राहिलेल्या सुमित्राबाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "मालक, घरात सांगून काय होते? विहिरीवर चारचौघाईत आमच्या यायले खोटं म्हनलं तुमी. आता खरंबी तिथंच म्हना."

मामांशी आजवर असं कोणी बोललं नव्हतं. मामा म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मजूर विहिरीवर जमले. मामांनी टोपी काढून हातात धरली. "तानबा खोटं बोलला नव्हता. निष्काळजीपणा माझा होता, आणि दोष मी त्याच्या माथी मारला. या तीन पोरांनी जीव धोक्यात घालून मला शुद्धीवर आणलं. त्यांचा मला अभिमान आहे." आणि त्यांनी तानबासमोर हात जोडले.

"असं नका करू, मालक," म्हणत तानबाने ते हात आपल्या हातांत धरले.

पमीला रडू कोसळलं. तिला चिडवायला अच्युत वळला, पण त्यालाच बाहीने नाक पुसावं लागलं. सुमित्राबाईंनी पदराने डोळे पुसले आणि भांड्यांचं बांधलेलं गाठोडं सोडायला बसल्या.

"पोराईचं जेवण आज माह्याकडं," त्यांनी मामीला सांगून टाकलं.