रांगेतली कळशी

शहराच्या कडेला असलेल्या सातारा परिसर या वस्तीत घरं झपाट्यानं आली आणि पाणी यायचं तेवढं राहून गेलं. त्या दुष्काळी उन्हाळ्यात टँकरसाठी लोक सकाळीच भांडी रांगेला लावत आणि सावलीला जाऊन बसत. भांडं म्हणजेच माणूस. वाळूजच्या कारखान्यातला इंजिनिअर शंतनू दर रविवारी या रांगेचे फोटो काढायचा. कुणी मागितले नव्हते, कुठं छापायचेही नव्हते. बायको गेल्यापासून त्याला ना रडू येत होतं, ना भूक-तहान कळत होती. कॅमेरा डोळ्याला लावला की तेवढं बरं वाटायचं.

"ही मंजुषा," रांगेवर लक्ष ठेवणाऱ्या आवडाबाई एका हंड्याकडं बोट दाखवून सांगत. "अन् तो पोचे आलेला ड्रम म्हंजी अप्पाराव."

एकदा घरी फोटो मोठे करून बघताना हंडा आणि ड्रमच्या मध्ये त्याला स्टीलची कळशी दिसली. काठाशी टिंबाटिंबांनी घातलेलं नाव, कालिंदी. त्याच्या बायकोचं. माहेराहून आणलेली तिची कळशी. तो स्वयंपाकघरात गेला. कळशी ओट्यावरच होती, कोरडीठाक. वर ताटली, ताटलीवर त्याच्या बारशाचा, त्याचं नाव घातलेला छोटा पेला उपडा, ती ठेवायची तसाच.

पुढच्या रविवारी त्यानं नीट पाहिलं. रांगेत एका भांड्यापुरती जागा मोकळी होती.

"इथं कोण?"

"नंबर हाय तिथं."

"कुणाचा?"

आवडाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "असंल कुणाचा बी. आपण मोडू नाय."

फोटोत मात्र कळशी होती. थोडी पुढं सरकलेली.

आता आठवडाभर तो ठोकळ्यासारखा वावरायचा आणि रविवारची वाट बघायचा. कळशी दिसली की छातीत जरा हलल्यासारखं व्हायचं. पण दर वेळी ती आणखी पुढं असायची. तिचा नंबर लागला की ती दिसायची नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. ते त्याला नको होतं.

म्हणून मोकळी जागा अगदी पुढं पोहोचली, त्या दिवशी इंजिनिअरसाहेबांनी घरून बादली आणली आणि त्या जागेच्या पुढ्यात ठेवून दिली.

आवडाबाईंनी बादली उचलून मागं नेली. "लई दिसांची थांबलीय, साहेब. घिऊ द्या तिला पाणी."

तिला, म्हणाल्या.

टँकर आला. पाइप मोकळ्या जागेवर धरला गेला. एरवी घागरीसाठी भांडणाऱ्या माणसांनी आपापली भांडी जरा मागं ओढली.

पाणी पडत राहिलं. खालची माती ओली झाली नाही.

शंतनूनं फोटो काढला नाही.

घरी कळशी काठोकाठ भरलेली होती. त्यानं पेला सुलटा केला, पाण्यात बुडवला, तोंडाला लावला. पाणी गार होतं. आपल्याला तहान लागली होती, हे त्याला तेव्हा कळलं.

पुढच्या रविवारच्या फोटोत कळशी नव्हती. रांगेच्या शेवटी, सगळ्या हंड्यांच्या आणि ड्रमच्या मागं, एक छोटा पेला होता. त्यावरचं नाव वाचायला त्याला फोटो मोठा करावा लागला नाही.