भेगांच्या खाली

डिसेंबरात कच्छचं रण ओलांडून थेट थरच्या वाळवंटी अभयारण्यात जीप घालायची, तीही डांबरी रस्ता सोडून, असा घाट भूमिका आणि तिचा थोरला भाऊ संदेश यांनी घातला होता. भूमिकाची वही भरत आली होती: मुक्काम, डिझेल, सूर्योदय पाहायच्या जागा. वहीतल्या नकाशाच्या मधोमध लाल पेन्सिलीची एक सरळ रेघ होती. पांढऱ्या मिठावरून साठ किलोमीटर, वाटेत झाड नाही की माणूस नाही. त्या रेघेसाठीच तर सगळा खटाटोप चालला होता.

पण सरावाला वाळवंट आणायचं कुठून? एप्रिलात भातसा धरणाचं पाणी मागे हटलं आणि भेगाळलेला तळ उघडा पडला, तेव्हा संदेश हरखला. शहापूरच्या शेतकऱ्याचा मुलगा तो. शेताला अशा भेगा पडल्या की ट्रॅक्टर खुशाल घालावा, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. त्याने टायरमधली हवा कमी केली, मागे पाण्याचे दोन मोठे कॅन ठेवले आणि सकाळीच जीप खाली उतरवली. काठावर राब भाजण्यासाठी, म्हणजे भातरोपांची जमीन भाजायला, पाल्याचे भारे वाहणारी ठाकूरवाडीची लहानी नावाची बाई हात वर करून ओरडत होती. हे महाशय तिला टाटा करून पुढे!

अर्धा किलोमीटर सगळं झकास चाललं. मग पुढची चाकं अचानक खाली गेली.

चाकाखाली फळी लावायला संदेश उतरला आणि मांड्यांपर्यंत आत गेला. वरचा पापुद्रा तेवढा वाळलेला, खाली नुसता गाळ! तो पाय उपसायला धडपडला. कमरेपर्यंत रुतला. जीप हळूहळू त्याच्याच बाजूला कलू लागली. भूमिका मागच्या दाराने बाहेर आली, तर पायाखालची जमीन थरथरली. फोनला रेंज नव्हती.

"भूमी, तू जा," संदेश म्हणाला. "काठावर जा."

"गप रे, दादा."

तेवढ्यात, जीप उतरताना पाहूनच दोन भारे घेऊन मागे निघालेली लहानी जवळ येताना दिसली. एक भारा पुढे ढकलायचा, त्यावर पालथं पडायचं, मागचा ओढून पुढे टाकायचा, अशी ती सरकत होती.

"हलू नको रं," तिने संदेशला दटावलं. "पोरी, आडवी पड. पानी हाय ना? त्याच्या पायाकडंनं वोत."

"मावशी, चिखलात पाणी? अजून बुडेल तो!"

"गाळ पाय चोखून धरतो गो. पानी गेलं का सोडतो. म्हैस आमी अशीच काढतो."

भूमिकाला ते पटलं नाही. पण जीपची कड आता संदेशच्या डोक्यावर आली होती. तिने कॅन आडवा केला. पाणी गाळात शिरलं. लहानी हाताने वाट करत होती. एक पाय सुटला! पहिला कॅन संपला. दुसरा उघडताना झाकण हातातून निसटलं, तिने कॅन तसाच ओतला. जीप करकरली.

"आता वढा!"

दोघींनी संदेशला भाऱ्यावर ओढून घेतलं. जीप धप्पकन आडवी झाली, तो होता तिथेच.

काठावर पोहोचायला तासभर लागला. संदेशचे दात वाजत होते, एप्रिलच्या उन्हात.

"जीप काढू दोर लावून, वाडीतली मानसं हायती," लहानी म्हणाली. "पन एवढं पानी घेऊन निघाला होता कुठं?"

भूमिकाने सांगितलं. वाळवंट, मीठ, साठ किलोमीटर.

"तिथं पन अशा भेगा?"

"हो."

लहानीने थोडा विचार केला. "मग तिथं पाय रुतला तर प्यायचं पानी वोताल, का ठेवाल?"

भूमिकाने खिशातली चिखलाने माखलेली वही उघडली आणि लाल रेघ खोडून टाकली.