गोल पाच

"कमरुद्दीनभाई, आत्ताच्या आत्ता हॉलवर या. ईश्वरीचा आवाज चोरीला गेलाय, आणि सगळे तुमचंच नाव घेतायत!"

शारजाच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी शोभनाताईंचा सकाळी सकाळी फोन. कमरुद्दीनने दुबईत अल क्वोजच्या आपल्या साउंडच्या गोडाउनला कुलूप ठोकलं आणि शारजाची वाट धरली.

ईश्वरी म्हणजे कोकणातल्या गावगाण्यांना गिटारची जोड देऊन कॅसेटच्या जमान्यात घरोघर पोचलेली गायिका. मुंबईत तिचा भाव उतरला, तेव्हा आखाताने तिला डोक्यावर घेतलं. सगळ्यात गाजलेलं गाणं 'तांडेलाची सून'. त्याच्या शेवटी एक उंच, लांब हाक. कालच्या शोमध्ये हाकेची वेळ आली, बाईंनी हात पसरले, तोंड उघडलं, आणि स्पीकरमधून नुसती गिटार वाजत राहिली. हॉलभर माणसांना कळलं, ही हाक बाई गातच नव्हत्या. ती डिस्कवर होती.

डिस्क लावणारा कमरुद्दीन. दोन हजार नऊ साल, मंदीने त्याचे चार शो आधीच गिळले होते. उद्याचा दुबईचा शो गेला की धंदा बंद, धंदा बंद की व्हिसा खलास. तीस वर्षांनी रत्नागिरीला परत जायचं, तेही दगाबाज म्हणून.

हॉलमध्ये शोभनाताई स्पीकरच्या खोक्याला टेकून उभ्या होत्या. ईश्वरी खुर्चीत. कीबोर्डवाला उपेंद्र आणि कोरसमधली मुग्धा स्टेजच्या कडेला.

"कुणाच्या सांगण्यावरून केलंत?" ईश्वरीने विचारलं.

"डिस्क दाखवा आधी."

शोभनाताईंनी ती पुढे केली. "यावर तर शून्य आहे, भाई."

"शून्य नाही, ताई. पाच आहे." कमरुद्दीनने तो काळ्या मार्करचा गोल गरगरीत आकडा बोटाने चाचपला. "पाचवं गाणं. हीच मी लावली. अंधारात आकडा कोण निरखतो?"

त्याने उपेंद्रकडे मान वळवली. "हाक नसलेली डिस्क कुणाकडे असते?"

"रिहर्सलची कॉपी. माझ्याकडे एक, मुग्धाकडे एक."

"काल मी नमाजला गेलो, तेव्हा डिस्कच्या पाऊचजवळ कोण होतं?"

"आम्ही दोघंही. चहा तिथेच ठेवला होता."

"या उपेंद्रला पोस्टरवरून काढलं म्हणून धुमसतोय," ईश्वरी म्हणाली.

"धुमसतोय, बाई, पण तोंडावर!" उपेंद्र उसळला. "पाठीमागून नाही."

मुग्धा जांभई देत म्हणाली, "यल्ला, चला, मला सोडा ना. टायपिंग सेंटरवर भरायच्या अरबी फॉर्मांचा ढीग पडलाय. मी कोरसवाली, माझा आवाज कुणाला ऐकू येतो?"

कमरुद्दीनने खिशातून दोन स्टिकर काढले.

"दोघांनी मला एकेक पाच लिहून द्या. माझ्या डिस्कवर असतो तसा, आमच्या आकड्यात."

उपेंद्र गडबडला. इकडेतिकडे पाहिलं, शोभनाताईंना बाजूला सारलं आणि पाचव्या खोक्यावरचा आकडा बघून कसाबसा गिरवला. उलटं पिंपळपान, टोक वर, खाली खाच.

मुग्धाने मान वर केलीच नाही. पेन सर्रकन फिरलं. गोल.

"खलास," कमरुद्दीन म्हणाला.

"काय खलास? अरबी पाच असाच असतो," मुग्धा म्हणाली.

"अरबी असाच असतो. पण माझा अरबी नाही, मुली. मी रत्नागिरीच्या उर्दू शाळेत चौथीपर्यंत बसलो. उर्दू पाच त्या खोक्यावर आहे, पानासारखा. माझ्या सगळ्या खोक्यांवर, सगळ्या डिस्कवर तसाच. गोल पाच इथला, नंबरप्लेटवरचा. तो इथे बरेच जण ओळखतात. पण बघितल्याशिवाय लिहितो कोण? रोज अरबी फॉर्म भरणारा हात. तुला वाटलं, कमरुद्दीन मुसलमान, म्हणजे अरबीच लिहीत असणार. रिहर्सलच्या डिस्कवर आकडा घरूनच टाकून आणलास आणि घाईत माझी डिस्क उचललीस. एकच कळत नाही, का?"

मुग्धाचा चेहरा लाल झाला.

"कारण ती हाक माझी आहे! एकोणीस वर्षांची होते. बाई म्हणाल्या, नमुना म्हणून गा. कॅसेट निघाली, त्यात माझं नावसुद्धा नाही. लग्न होऊन इथे आले, तर प्रत्येक टूरला हिच्या मागे उभी राहून माझ्याच आवाजावर टाळ्या पडताना ऐकते. मला हिला तोंड उघडं ठेवून उभी बघायची होती. बघितली!"

"तिचा सूड तू घे. माझ्या नावाने का?"

मुग्धाने पेन खोक्यावर आदळलं.

ईश्वरी शांतपणे उठली. "उद्या स्टेजवर सांगू, टेक्निकल फॉल्ट होता. विषय संपला."

"टेक्निकल फॉल्ट म्हणजे मीच ना, बाई? नाही चालणार. डिस्क कुणी बदलली तेही सांगायचं आणि हाक कुणाची होती तेही. एका दमात, नावानिशी."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर दुबईभर दुसरा साउंडवाला शोधा. त्याला मी सगळं सांगेनच."

मुग्धा खुदकन हसली. "माझं नाव घ्या खुशाल. चोर म्हणून घ्या, पण घ्या."

शोभनाताईंनी कागद पुढे सरकवला. ईश्वरीने पेन उचललं, 'मुग्धा' इतकं लिहिलं आणि थांबली. मग मान न वळवता शोभनाताईंना विचारलं, "हिचं आडनाव काय?"

मुग्धाचं हसू जागच्या जागी विरलं.